जतीनच्या पुस्तकातलं वाढवण

...आणि राजांची वंशावळ बारा पानं! तुम्हाला सांगतो, आमच्या वाढवणला राजा कधी फिरकला तरी होता का हो? पण आमच्या नातवानं, जतीननं, लिहिलीत. खेळाचं पुस्तक म्हणे! चौघांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, एकानं सांगायचं 'तू गावात शिरलास', दुसऱ्यानं म्हणायचं 'मी हे करतो'... आणि ते गाव कसं आहे, ते ह्या पुस्तकात. मला म्हणतो, "अण्णा, बंदर आलं की गाव राहील न राहील, खेळात तरी राहील." तिथं मी विरघळलो! चष्मा लावला, अक्षराला अक्षर जोडत वाचलं. आभाळात दोन चंद्र, पाण्याखाली महाल, नकाशा तर भिंतीला लावावा असा... पण माणसं कुठायत?

किनाऱ्यावर लिहिलंय 'निर्जन'. निर्जन! अरे, आमची शेजारीण पुतळी तिथं बोंबील वाळवते, तिच्या काठीला हात लावून दाखव! म्हटलं, "जत्या, तुझ्या खेळणाऱ्यानं पुतळीच्या खुंटाला आपलं जाळं बांधलं, तर काय होईल?" म्हणतो, "फासे टाकायचे." फासे कशाला? पुतळीच सांगेल, 'मेल्या, माझ्या सासऱ्यानं समुद्रात ठोकलेला खुंट तो! सोड, नाहीतर तुलाच वाळत घालीन!' संध्याकाळपर्यंत सगळी आळी भांडायला उभी. हा झाला खेळ! मेलेल्या राजांना काय विचारायचंय? कोण कोणावर जळतो, कोण कशाला भितो, उद्या सकाळी कोणाला काय पाहिजे, एवढं लिही... खेळणारा आपोआप गुंततो. दोन चंद्र घेऊन तो करणार काय? माणसं कुठायत, माणसं?

त्याचा दोस्त मिथुन, डहाणूचा, मला शिकवतो, "अण्णा, चिल! दुनिया मोठी आहे, एवढं बारीक दिसत नाही." बंदरासाठी गाव मोजायला आलेले सरकारी लोकही हेच म्हणाले होते रे बाबा!

मग आठवडाभर डोकं खाल्लं जतीनचं. काल नवं पुस्तक घेऊन आला. पुतळी आहे, खुंट आहे, तिची शिवीसुद्धा आहे! भरून आलं हो मला... म्हटलं, "आणि मी रे?"

"आहात ना, अण्णा! खेळणारे बंदर बांधायला निघाले, तर त्यांच्यासाठी." पान उघडून दाखवलं. वर मथळा, 'वाटेतले अडथळे'. खाली ओळीनं : वादळ, खडक, अण्णा.

खडक फोडायला निदान सुरुंग तरी लागतो... आम्हाला एक नोटीस पुरते.