सेनापतीची ओंजळ

दुष्काळाचं वर्ष होतं. तेरच्या थांब्यावर उस्मानाबादची गाडी काही केल्या येईना. नर्स मालनबाईंच्या मागं गुंडाप्पा आणि पिराजी हे दोन तरुण कारकून मासिकातल्या एका अंतराळकथेवरून हुज्जत घालत होते. गुंडाप्पानं संपादकांना पत्र लिहिलं होतं आणि त्याला त्यावर पिराजीची सही हवी होती.

"सेनापती राजघराण्यातलाच हाय. कर सही."

"न्हाय. त्यो राखग्रहावरचा हाय. तिथल्या लोकांना साम्राज्यात कोण जवळ करत न्हाय."

"लेखकानं असं कुठं लिहिलंय?"

"चौथ्या भागात. यानातले सगळे हौदातनं आपल्या हातानं पाणी घेत्यात. ह्याच्या ओंजळीत तेवढं वरनं ओतत्यात."

मालनबाई पदरानं वारा घेत होत्या, त्या थांबल्या.

"आरं, यानात पाण्याची टंचाई हाय म्हणून!" गुंडाप्पा म्हणाला.

"टंचाईपायी असतं तर सगळ्यांनाच वरनं ओतलं असतं."

"पण पहिल्याच पानावर हाय की, साम्राज्यात सगळे समान."

"ते सम्राट बोलतोय."

गुंडाप्पानं हातातल्या पत्राकडं पाहिलं.

"म्या तीनदा वाचलं, पिराजी. मला कसं दिसलं न्हाय?"

"म्या एकदाच वाचलं."

गुंडाप्पानं पत्रातली राजघराण्याची ओळ खोडली.

"सांग, काय लिहू?"

"लिही, सेनापतीला एकदा हौदापाशी जाऊ द्या. आपल्या हातानं पाणी घेऊ द्या."

गुंडाप्पानं लिहिलं. पिराजीनं सही केली.

मालनबाई मागं वळल्या.

"दादा, त्यावर माझीबी सही घ्या."