तरुण पाय हवेत

हसणार नसाल तर सांगते. वर्ल्ड कपच्या तयारीत अख्खं कतार फुटबॉलने झपाटलेलं होतं, तेव्हा आम्ही अल खोरचे मराठी लोक बास्केटबॉलवरून भांडत होतो. आमच्या स्पर्धेत सेमीफायनलआधी दुसऱ्या टीमशी एका खेळाडूची अदलाबदल करता यायची. आमचे मॅनेजर म्हणजे माझे बाबा, आणि त्यांना अल रय्यानच्या टीममधले कुलकर्णी काका हवे होते. वय बावन्न, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पण नाशिकच्या कॉलेजात डिफेन्ससाठी गाजलेले.

"बाबा, आपल्याला खेळाडू हवाय की सत्यनारायणाला यजमान?" मी भर मीटिंगमध्ये विचारलं. "टीमला तरुण पाय लागतात. त्यांनी मला एकदा जरी अडवलं, तर घ्या खुशाल."

बोलणी करायला आलेले काका समोरच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "चल मग, यल्ला."

कोर्टवर पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातातून बॉल काढून घेतला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर आदळून खाली बसले.

मला हात देत काका म्हणाले, "बाळ, उजवीकडे वळायच्या आधी तू जीभ बाहेर काढतेस."

"घ्या त्यांना, खलास," मी बाबांना म्हणाले. "बदल्यात कोण जाणार?"

बाबांनी शांतपणे चष्मा पुसला. "त्यांना तरुण पाय हवेत म्हणे. मी तुझं नाव दिलंय."

अल रय्यानकडून माझी सेमीफायनल नेमकी अल खोरशीच पडली आणि काका माझ्यासमोर उभे राहिले. मी तोंड घट्ट मिटून खेळले. ही अक्कल मीटिंगमध्येच सुचायला हवी होती.