काठाच्या वरचा रवा

थांब रे, पाणी नंतर पी, आधी नुसतं ऐक! मंडळी, तुम्हीपण सरका पुढं. मला एक सांगा – देवाला द्यायचं माप कुठं संपतं? भांड्याच्या काठाला? डोकी हलवू नका, फसाल!

वाकडगावला हनुमान जयंतीचा शिरा चिमाबाई करायची. बावीस वर्षं! देवळातलं एक पितळी मापटं – वीस मापटी रवा, वीस साखर, वीस तूप. यंदा बाई घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये! म्हणाली, "सूनबाई, आता कढई तुझी. बिघडलं तर शिरा माझ्याबरोबरच संपला."

सून कालिंदी – किराणा दुकानदाराची लेक. वजनाशिवाय विश्वास नाही! माहेरचा काटा आणला, एकेक मापटं तोललं. आणि काय अचंबा! भांडं तेच – रवा पाचशे ग्रॅम, साखर सहाशे, तूप साडेसहाशे! एवढंसं भांडं, पण प्रत्येकाचा भार निराळा! (तुमच्यासारखंच! बसता एकाच सतरंजीवर!)

तिनं वहीत लिहिलं – रवा दहा किलो, साखर बारा, तूप तेरा. मोजलं, रवा-तूप कढईत टाकलं… आणि तूप वर आलं! रवा बुडतोय! शेजारी दूध उकळतंय, बाहेर पत्रावळ्या मांडल्यात, हरिबा पुजारी ओरडतोय, "अगं, दूध ओत की!"

"आत्या," – सासूला ती आत्या म्हणायची – "वजन तर बरोबर आहे हो!"

"दूध थांबव. माझ्यासमोर एक मापटं भर."

कालिंदीनं भरलं. आणि सवयीनं – सर्रकन – वरून हात फिरवला!

"हात का गं फिरवलास?"

"माप म्हणजे सपाट नको?"

"तुझ्या बापाच्या दुकानात! देवाच्या मापाला शीग लागते. ओत. खाली ढळायला लागलं की थांब."

ओतलं. काठावर डोंगर उभा राहिला, कडेनं घरंगळला, थांबला. काट्यावर – सहाशे! परत भरलं – सहाशे! तिसऱ्यांदा – अहो, सहाशेच! हात लावला कुणी? कुणीच नाही! कुठं थांबायचं हे त्या रव्याला कुणी शिकवलं हो? माझ्या तर अंगावर काटा आला! बोला, बजरंगबली की जय!

कालिंदीनं बोटांवर हिशेब केला. मापट्यामागं शंभर ग्रॅम… वीस मापटी… "दोन किलो! आत्या, मी देवाचा दोन किलो रवा पुसून टाकला!"

"साखरेचंही तसंच. आणि तुपाला कुठली शीग? ते काठालाच थांबतं. म्हणून वर तरंगलं."

हरिबा कानाशी कुजबुजला, "पोरी, ओत दूध! खाणाऱ्याला काय कळतंय?"

तिनं डोळे पुसले. सगळ्या गावासमोर म्हणाली, "माप माझं चुकलं. अर्धा तास थांबा." पोत्यातला दोन किलो रवा कढईत घातला, नव्यानं परतला, वास सुटला, मग दूध, मग वाढवलेली साखर! चिमाबाईनं डाव्या हातानं चव घेतली. मापटं उचललं, सुनेच्या ओटीत ठेवलं.

आता हसा मंडळी! घेताना म्हणतो, "भर की अजून!" आणि देताना? सर्रकन! आणि तू रे – पहिल्यापासून मान हलवतोयस – पत्रावळ्या मांडलेल्या, दूध उतू जातंय, हरिबा कानाशी… काय केलं असतंस तू?