मागच्या गल्लीतली ऑर्डर

तू वेबसाइट काढतेयस म्हणून सांगते. माझ्या मसाल्याची वेबसाइट सुनेनं काढून दिली, तेव्हा मी अख्ख्या अंबडला सांगत सुटले होते. त्यात मागच्या गल्लीतल्या पगारेताई काळा मसाला न्यायला आल्या, नेहमीसारखा घरचा डबा घेऊन. त्यांचा डबा कधी रिकामा यायचा नाही; चार लिंबं, मूठभर शेंगा, काहीतरी असायचंच. मग चहा, मग सुनांच्या कागाळ्या.

मी तोऱ्यात म्हटलं, "ताई, आता चालत यायचं नाही. मोबाइलवर मागवा, घरपोच मिळेल."

"अहो, मागच्याच गल्लीत तर राहते मी!"

"असू दे. पहिली ऑर्डर तुमचीच पाहिजे."

बिचाऱ्यांनी लेकाकडून मागवला. कुरिअरवाल्यानं पुडा आधी पलीकडच्या सातपूरला नेला, तिथून कुठल्याशा गोदामात, आणि आठवड्यानं मागच्या गल्लीत आणून दिला. फोनवर आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पण त्यानंतर त्या आल्याच नाहीत. त्यांची ऑर्डर मात्र दर महिन्याला येते. वाटलं, रागावल्या की काय. शेवटी परवा मीच डब्यात मसाला भरला, वर दोन पेरू ठेवले आणि त्यांचं दार वाजवलं.

राग कसला नि काय! दारातच त्यांनी डब्याकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, "अगंबाई, तुम्ही? ऑर्डरमध्ये काही चुकलं का?"