साखराबाईचा खून

तीच मी साहेब. साखराबाई गुरुबसप्पा. जिचा खून झाला म्हणून तुम्ही आलाव ना, तीच — बसा की, उभं का? आधार कार्ड दाखवू? त्यातला फोटो काय, कुणाचाबी वाटतो. न्हाई, मोठ्यानं हसू नका, आत झोपलेत ते. तक्रार द्यायला ठाण्यात आल्ते ते म्हातारे, तेच. आमचे मालक.

तुम्ही आपल्या लातूरकडच्या मुरुडचे? मग तुमच्या वडलांनी वाचली असतील. गुप्तहेर चंद्रकेत — हाव, यांचीच की ती पुस्तकं! दिवसा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत्याकडं मुनीम, संध्याकाळी चंद्रकेत. इथं उदगीर स्टेशनावर, लातूरच्या नांदेडच्या स्टँडवर दोरीला लटकलेली असायची. बुटाचा चिखल बघून माणसाचं गाव सांगायचा चंद्रकेत. अन आता लिहिणाऱ्यालाच बायको ओळखू येईना.

कसं झालं म्हणता? हळूहळूच. एक दिवस ताट वाढलं तर माझ्याकडं बघत बसले. म्हणले, "बाई, आपण कोण? साखरा कुठं आहे?" मला वाटलं, थट्टा करायलेत. यांनी कधी माझं नाव घेतलं न्हाई साहेब, जल्मात न्हाई. 'ऐकलं का' म्हणायचे, न्हाईतर नुसतं खाकरायचे. नाव ऐकून मी लाजले बगा, या वयात! मग कळलं, ते तिला शोधायलेत. बाकी सगळे ओळखू येतात — मोंढ्यातला शिवलिंग येतो, त्याला ओळखतात, नांदेडची आमची लेक दिपाली ओळखू येती. मीच तेवढी परकी. डॉक्टर म्हणला, डोक्याचा आजार हाय, वाद घालू नका. तरी लेकीनं लग्नाचा फोटो पुढं धरला. तर म्हणले, "चेहरा हुबेहूब आहे. शत्रूनं तयारी करून पाठवलंय." त्या दिवसापासून माझ्या हातचं खाईनात. ईख असंल म्हणून.

मग चौकशी. रोज दुपारी खुर्ची वढून समोर. "साखराला कुठं ठेवलंय? बोला." मी म्हणायची, मीच की हो साखरा. असं म्हणलं की रडायचे. लेकरावानी, साहेब. गालफडं बसली पार. चंद्रकेतच्या गोष्टीत कसं असतंय — शेवटी गुन्हेगार कबूल होतो अन गोष्ट संपती. म्हणलं, आपणच संपवू. एका दुपारी सांगून टाकलं — हाव, मीच मारलं तिला.

त्यांनी खुर्ची जवळ वढली. मग लई मऊ आवाजात म्हणले, "तुम्ही सभ्य घरच्या दिसता. का मारलंत?" आता का मारलं, काय सांगू मी? म्हणलं, तिचं घर पायजे होतं मला. "तिचा देह?" समोर परसातलं पेरूचं झाड दिसलं. म्हणलं, त्याच्या बुडाला. त्यांनी झाडाकडं बघितलं. अन विचारलं, "शेवटी काही बोलली का ती?"

म्हणलं, तुम्ही जेवलाव का, तेवढं विचारलं.

डोळे पुसले अन म्हणले, "वाढा." दोन भाकरी खाल्ल्या, साहेब. ठाण्यात जातील असं काही डोक्यात आलं न्हाई माझ्या. जाणारच की पण. चंद्रकेत कायदा हातात घेत न्हाई.

तुम्ही समजावून सांगता? नका. समद्यांनी सांगून झालं. अन काय — खांदायचं? तक्रारीत लिहिलंय म्हणून? खांदून काय निघंल, मुळ्या निघतील. न्हाई साहेब, खांदू नका. ते रोज जातात तिथं. पाणी घालतात, दोन फुलं ठेवतात, खाली बसतात अन बोलतात तिच्याशी. माझ्याशी पुस्तकातलं बोलतात, तिच्याशी आपल्यावानी. सैपाकघराची खिडकी तिकडंच हाय. मी काय मुद्दाम ऐकत न्हाई — ऐकू येतं. "साखरा, तुझ्या बाळंतपणात मी आलो न्हाई गं, कादंबरी पुरी करायलो होतो." "साखरा, हिरवं लुगडं नेसून स्टेशनावर उतरली होतीस, तवाच लई आवडली होतीस." मला ते लुगडंच आठवंना. परवा ट्रंकेत धुंडलं, गावलं न्हाई. वाईट वाटतं का म्हणता? न्हाई. वाईट न्हाई, बरंबी न्हाई. तवा तापत ऱ्हातो अन मी खिडकीपाशी उभी असते. भाकरी करपली तरी ध्यानात येत न्हाई. उद्या तुम्ही माती उकरून, हितं कुणी न्हाई म्हणून दाखवलाव, तर ते बोलतील कुणाशी? माझ्याशी?

तुमच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा. बायको जित्ती हाय म्हणून लिहा. त्यांना तेवढं सांगू नका — थांबा. काठी वाजली. उठले ते. चहा ऱ्हाऊ द्या साहेब, पुढच्या दारानं निघा, टोपी दिसू देऊ नका. जा की लेकरा! तिच्याकडं जायची वेळ झाली त्यांची.