ज्येष्ठमधाची जपानी पुडी

तुम्ही हसाल, पण हिरड्या सुजल्या की माणसाची अक्कलही थोडी सुजते, हे मला जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये कळलं.

डेंटिस्टचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, तीन आठवड्यांनंतरचा मिळाला होता. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, "ज्येष्ठमध आणि सुंठ उकळून देते, गुळण्या कर." मी म्हटलं, "अहो आई, इथे कोणी असलं काही करत नाही." त्यांनी ज्येष्ठमधाची डबी परत बॅगेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझी जपानी कलीग केइको हिनं मला एक चकचकीत पुडी दिली. "काम्पो. आमचं पारंपरिक औषध. कोमट पाण्यात घालून तोंडात धर आणि मग गिळ." घरी येऊन मी मोबाइलवर टायमर लावला आणि ते पाणी भक्तिभावानं तोंडात धरून बसले.

सासूबाईंनी रिकामा पेला उचलून हुंगला. "ज्येष्ठमध," त्या म्हणाल्या. "आणि सुंठ." आणि पेला विसळून ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सकाळी ऑफिसात मी हे केइकोला सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. तिनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"माझी आई दर पार्सलमध्ये या पुड्या पाठवते," ती म्हणाली. "मी आजवर एकही फोडलेली नाही."

मग तिनं हळूच विचारलं, "माझ्याही हिरड्या दुखतात गं. तुझ्या सासूबाई मला देतील का थोडा ज्येष्ठमध?"