आप्पांचा हात आणि ढगातलं ऊन

तुमी मला खुशाल भोचक म्हणा, पण त्या दिवशी मी भिंतीवरून डोकावत होते म्हणूनच शेजारच्या शिवाप्पांचा हात वाचला. त्यांचं कडबा कापायचं यंत्र बॅटरीशिवाय थेट सोलर प्लेटवर चालतं. बसवणाऱ्यानं सांगितलेलं मी ऐकलं होतं: मोटारीत लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी असते. गुंडाळीत करंट आला की चुंबक तिला ढकलतं, दर अर्ध्या फेरीला तिच्यातल्या करंटची दिशा पालटते, म्हणून ती फिरतच राहते.

ढग आला अन् यंत्र थांबलं. आप्पांनी अडकलेला कडबा ओढायला पात्यात हात घातला.

"आप्पा, बटण बंद केलं का?"

"लाईटच गेली की वहिनी!"

"लाईट कुठली? ढग आलाय!"

तेवढ्यात ऊन अंगणातून सरकत यायलंय असं दिसलं. भिंतीवर वाळत घातलेली गोधडी मी भिंतीला लागून पलीकडे असलेल्या प्लेटवर टाकली आणि दाबून धरली. पातं थरथरलं आणि थांबलं. आप्पांनी हात बाहेर काढला.

"आता बटण बंद करा!" मी ओरडले.

"पाय हलंनात. तुमीच या."

"कशी येऊ? माझे हात गोधडीवरून सुटंनात!"